वायसर

न्हाणीतला नळ गळायला लागला
तेव्हा आधी मी त्याला चिंधी बांधली.
चिंधी भिजली आणि तीही गळायला लागली,
फक्त जरा सावकाश, माझा मान राखून.

रात्री गोडोली निजली की
टप्
ऐकत बसायचे. मिनिटाला एकवीस.
पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर
सव्वीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई मी,
मोजल्याशिवाय झोप येत नाही.
उशाशी वही होती, त्यात मांडलं:
वायसर, पाच रुपये.
मुलाणी येऊन बसवणार, तीनशे.
मग मधले दोनशे पंच्याण्णव कशाचे?
त्याच्या हाताचे, त्याच्या पेट्रोलचे,
की मला येत नाही, त्या न येण्याचे?

पोवई नाक्यावरून पाना आणला. चारशे चाळीस.
जन्मभर टिकतो, दुकानदार म्हणाला.
कुणाच्या जन्मभर, ते मी विचारलं नाही.

मोबाइलमध्ये एक पोरगा हसत हसत नळ खोलत होता.
त्याच्या नळावर वीस वर्षांचा क्षार नव्हता.
घड्याळाच्या उलट फिरवा, म्हणाला,
पण घड्याळ आपल्या बाजूनं बघायचं की भिंतीच्या,
ते कुठं म्हणाला?

नळ हातात आला.
अख्खा, मानेसकट.
मग भिंतीतून जे सुटलं
त्यानं मला भिजवलं, जात्या कपड्यांचं गाठोडं भिजवलं,
पॅसेजमधून जाऊन
पेन्शनच्या फायलीलाही भेटून आलं.
सव्वीस वर्षं आवक-जावक,
आणि इथं नुसती जावक!
वरच्या साबळ्यांची पूर्वा गच्चीत पळाली,
गंजलेला कॉक चपलेनं ठोकून ठोकून बंद केला तिनं.
तिला कुठल्या मोबाइलनं शिकवलं, देव जाणे.

दस्तगीर मुलाणी जेवण अर्ध्यावर टाकून आला.
तुटक्या नळाच्या मुळाशी
मी आठवड्यापूर्वी थापलेलं एम-सील होतं,
पुरणाच्या उंड्यासारखं.
"ह्ये कुणी केलंय?"
"मीच."
त्यानं नखानं टोकरून बघितलं.
"हात बरा हाय ताई. वल्यावर लावलंसा, येवढंच."

एवढंच.
मी बोलणी खायच्या तयारीनं बादली घेऊन उभी होते,
बादली तशीच राहिली हातात.
आट्यांवर टेप गुंडाळताना तो बोटांकडे बघतही नव्हता,
गजरा करणाऱ्या बायका बघत नाहीत तसा.

नवा नळ, निपल, मजुरी: साडेसातशे.
मोजून दिले. त्यानं मोजून घेतले.
मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला
एक कागद काढला. मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म.
"तहसीलपुढं लिहून द्यायचं शंभर घेत्यात.
म्हटलं, आपणच भरू."

वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात एका दिवसाची मजुरी.
जन्मतारखेवर व्हाइटनरचा गिलावा.
आणि सहीच्या चौकटीत मुलीचा फोटो,
हलणार नाही असा पक्का चिकटवलेला.

खिडकीच्या अलीकडून असे किती फॉर्म
मी वर न बघता परत ढकलले असतील.
चुकलंय. दुसरा आणा. पुढचे.

"अक्षर चांगलं आहे," मी म्हटलं.
"फोटो तेवढा शेजारच्या घरात गेलाय."
चहाचं आधण ठेवलं होतंच.
वाफेवर कागद धरून कडेकडेनं फोटो सोडवला,
तोवर तो उभा,
मघाशी मी उभी होते तसाच,
फक्त बादलीऐवजी हातात कपबशी.

"किती द्यायचं?"
काही नको, म्हणणार होते.
त्याच्या कपाळावर आठी आली. "मी घेतलं की."
खरंच होतं ते.
मग मी शंभर घेतले,
नोकरीत कधी न केलेली ही पहिली वरकमाई,
त्याच्याकडे नीट बघून घेतले.

नळ आता गप्प आहे.
पाना कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून.
परवापासून स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय.
होल्डर ढिला असेल. चाळीस रुपयांचा असेल.
स्टूल ओढून खाली बसलेय,
अजून वर चढलेले नाही.