अकरा नंबरचा बोया

सांत आंतिओकोच्या खाजणात तेवीस बोये
रात्रभर एकमेकांशी बोलत असतात.
बोलणं म्हणजे काय, पाण्याचा ताप, मीठ, वारा,
आणि प्रत्येक आकड्यामागे न उच्चारलेलं,
तुझं खरं मानू का?

कुणी एकाच कारखान्यातून आलेले, सख्खे.
कुणी एकाच दोराला बांधलेले, शेजारी.
बोनारियाच्या नावेवरचं यंत्र
नुसतंच येताजाता भेटणारं.
सख्ख्याचं जरा जास्त ऐकायचं,
शेजाऱ्याचं पडताळून,
येणाऱ्याजाणाऱ्याचं हातचं राखून.
हे त्यांना कुणीतरी शिकवलं.
आपल्याला कुणी शिकवलं, आठवत नाही.

ऑगस्टात अकरा नंबर म्हणाला, पाणी गार आहे.
बाकीचे म्हणत होते, तापलंय, शिंपले मरतील.
दहाने बाराला विचारलं, बाराने नवाला,
आणि उजाडेपर्यंत अकराची पत
नव्वदावरून तेरावर.
भांडण नाही, टोमणा नाही.
फक्त तो बोलल्यावर
कुणी काही करीनासं झालं.
गार, तो सांगत राहिला. गार. गार.

आपल्याला अशा वेळी म्हैस आठवते
आणि तिचा टोणगा.
बोनारियाला भाऊ आठवला.
जाळ्यांचे पैसे दिलेत म्हणाला होता सिसिन्निओ,
आणि हिवाळ्यात सावकार नाव घेऊन गेला.
एकोणीस वर्षं झाली.
तो तोरिनोहून दर रविवारी फोन करतो,
ती वाजू देते.

तिने अकराला ओढून नावेत घेतलं.
खालच्या दांडीवर कवचांची पुटं,
मुठीएवढी जाड, आत शेवाळ.
जगाचं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.
खोटारडा नव्हता तो,
त्याला खरंच गार वाटत होतं.
सुरीने खरवडताना तिचा अंगठा कापला.
शिवी दिली, बोयाला की कुणाला, कळलं नाही.

पत अशी लगेच चढत नाही.
तेरा. तेरा. चौदा.
दहा नंबर आता त्याला सोपं सोपं विचारतो,
ज्याचं उत्तर दहाला आधीच ठाऊक आहे.
अकराला हे कळत असेल का?
कळलं तरी उत्तर द्यावंच लागतं.

रविवारी फोन वाजला.
तिकडचं हवामान तिने सकाळीच पाहिलं होतं.
अंगठ्याची पट्टी सावरत तिने उचलला,
आणि नमस्कार नाही, चौकशी नाही,
एवढंच विचारलं,
पाऊस आहे का रे तिकडे?