रुळवणं

बाभळीच्या वाळल्या खुंटाला चार बोल्टांनी आवळलंय
वीस सीसीचं नवंकोरं इंजिन.
विमान अजून घरीच, माळ्यावर,
पंखांचा गोंद वाळतोय.

लिटरभर पेट्रोलात चाळीस मिली तेल.
गुणवंता सिरिंजनं मोजतो,
ढोरांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या, बिनसुईच्या.

पंख्याला फटका. काही नाही.
आणखी एक. खोकलं.
अकराव्याला पेटलं, अन् पऱ्हाटीतले
बगळे एकदम उठले.

"पयव ना जोरात," मी म्हणते.
"नोको. आतली रिंग अजून परकी हाय सिलिंडरले.
घासू दे. ओयख होऊ दे."

दहा मिनिटं. बंद.
हात ठेवता येईल इतकं निवेपर्यंत
आम्ही धुऱ्यावर हरभऱ्याचे घाटे सोलून खातो;
त्याच्या नखांत काळं, माझ्या नखांत हिरवं.
पुन्हा दहा मिनिटं.

चौथ्या टाकीला आवाज बदलला.
त्यानं कार्ब्युरेटरची सुई पाव आटा फिरवली,
कान तिरपा करून थांबला.
पातळ धूर तुरीवरून गेला.

विमान उडालं नाही त्या दिवशी.
खुंट मात्र, मी हात लावून पाहिला,
पार मुळापर्यंत थरथरत होता.