रात्रपाळी

बोट्रोपला आम्ही राहायचो त्या इमारतीच्या तळघरात
एवाल्ड शिमानियाकचं तीस अंशांचं पाणी होतं.
बाहेर नोव्हेंबर. आत काचेमागे
बशीएवढे गोल, चपटे डिस्कस मासे,
निळ्या रेघांचे, विटकरी अंगाचे,
आणि रुसले तर दोन-दोन दिवस तोंड फिरवून बसणारे.

सदतीस वर्षं तो कोळशात होता. माझे बाबाही.
खाण मिटली, तरी दोघांच्या पापण्यांच्या कडेला
एक बारीक काळी रेघ राहून गेली,
साबणाला न जुमानणारी,
कुणी हौसेनं काजळ घातल्यासारखी.
बसमध्ये बायका वळून बघायच्या.
बाबा म्हणायचे, बघू देत, फुकटची आहे.

रोस्विता गेली त्या आठवड्यात
अख्खी इमारत काळ्या कपड्यांत जिने चढत-उतरत होती.
नेमका तेव्हाच धुराडी साफ करणारा आला,
नखशिखांत काजळी,
आणि भेटायला आलेल्यांतल्या दोघींनी
हळूच त्याच्या कोटाच्या बटणाला बोट लावून घेतलं.
शकुन असतो.
मी पायरीवर बसून दोन्ही काळे ताडून बघत होते.
हिशेब लागत नव्हता.

आई सांगायची, झोंगुलदाकला, तिच्या गावी,
समुद्राचं नावच काळा.
वाईट दिवसालाही काळा दिवसच म्हणतात,
आणि त्या दिवशी जो दार वाजवतो
तो काळ्या दिवसाचा मित्र.
एवढं बोलून तिनं मसूरच्या सूपचं भांडं
माझ्या हातात दिलं: जा, वाजव.

एवाल्डनं दार पुरतं उघडलंच नाही.
फटीतून सूप आत घेतलं, तळघराची किल्ली बाहेर दिली.
"काळीज फ्रीजरमध्ये आहे," म्हणाला.
म्हणजे बैलाचं. किसून, चिमूट-चिमूट, दिवसातून तीनदा.
मी तेरा वर्षांची होते. मला आधी वेगळंच वाटलं.

अकरा दिवस मी त्यांना भरवलं.
त्याच्या वहीत होतं तसं
अल्डरची सुकी बोंडं उकळून काढा ओतला,
पाणी कोऱ्या चहासारखं होईतो.
वहीत लिहिलं होतं:
यांचे पूर्वज दूरच्या काळ्या नदीतले,
फार नितळ पाण्यात यांना उघडं पडल्यासारखं वाटतं.

बाराव्या दिवशी कोपऱ्यातल्या टाकीतली जोडी
काळवंडली.
निळ्या रेघा गेल्या, विटकरी गेला,
उरले करपलेले दोन तवे, जागच्या जागी हलणारे.
वहीतलं वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ:
काळा पडला की समज, दुखणं. आधी पाणी तपास.
तपासलं. तीस अंश. पाण्याचा काही दोष नव्हता.
म्हणजे दोष माझा.

तीन मजले धावत गेले. दार बडवलं.
"मरतायत," म्हटलं, "माझ्या हातून मरतायत."

तो आला. पायजम्यावर दफनाच्या दिवशीचं काळं जॅकेट,
पायात मोजे नाहीत.
टाकीपुढे गुडघे टेकले, बराच वेळ काही बोलला नाही.
मग माझं बोट धरून काचेवर टेकवलं.
"इथं बघ. कुशीवर."

कुशीवर स्वल्पविराम लोंबत होते.
शंभर असतील. शेपट्या हलवणारे,
आईच्या कातडीतून पाझरणारं काहीतरी
लुटूलुटू ओरबाडणारे.

"बापही पाजतो यांच्यात," एवाल्ड म्हणाला.
"काळे होतात ते पोरांना दिसावं म्हणून.
या गढूळात एवढीशी पोरं दुसरं काय ओळखणार?
सहा वर्षं वाट बघितली आम्ही. ती तर
दर वेळी अंडी मोजायची."
आणि तो थांबला. पापणीखालची रेघ ओली झाली,
पण फिसकटली नाही. ती फिसकटणारी नव्हतीच.

इतक्यात मादीनं अंग झटकलं.
सगळे स्वल्पविराम क्षणभर पाण्यात अधांतरी,
आणि मग ढगासारखे सरकत
नराच्या काळ्या अंगाला जाऊन चिकटले.

"पाळी बदलली," तो म्हणाला,
खाणीच्या फाटकाशी म्हणत असेल त्याच आवाजात.

मग जॅकेट काढून खुर्चीला अडकवलं, खुर्ची ओढली, बसला.
"जा तू, झोप. आईला विचार सूप उरलंय का.
आणि जाताना ते काळीज
बाहेर काढून ठेव. सकाळपर्यंत मऊ व्हायला हवं."