दातओठ

मे महिन्याची सोळा तारीख, परळच्या शाळेचा दुसरा मजला.
तीन पंख्यांपैकी एक चालू, त्याच्या बरोबर खाली साधनव्यक्ती.
बाकी आम्ही एकेचाळीस बाया, चार पुरुष,
सहावीच्या बाकांत गुडघे कोंबून.

"व्ही म्हणताना," त्या म्हणाल्या,
"वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि हवा सोडा.
डब्ल्यूला दात नाहीत. नुसता ओठांचा चंबू."
मग सगळा वर्ग दातओठ खात बसला.
शेजारच्या मुकादमबाई, कुर्ल्याच्या, उर्दू माध्यमाच्या,
कानाशी कुजबुजल्या,
इतका राग तर मी पगार थकला तेव्हाही केला नव्हता.

चोवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी.
तेवढी वर्षं माझ्याकडे द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू
एकाच उच्चारात सुखाने नांदत होती.
किती पोरं माझा तो व घेऊन बाहेर पडली असतील.
एक कुरिअर कंपनीत आहे,
एक इस्पितळाच्या नोंदणी खिडकीत,
एक जहाजावर. तो दिवाळीला आवाज पाठवतो,
गुड इव्हिनिंग टीचर.
त्यातला व्ही माझा आहे. लगेच ओळखू येतो.

जेवणानंतर नाट्यीकरण.
"तांडेल मॅडम, तुम्ही विद्यार्थिनी व्हा.
बाईंना काहीही विचारा, इंग्रजीत."
उभी राहिले. पुढची डोकी मागे वळली.
"सोप्पं तर आहे, बोल ना," हे मी आजवर
ज्यांना ज्यांना म्हटलं होतं
ते सगळे घशात येऊन बसले.
आठवलं एकच वाक्य,
जे आमच्या वर्गात कधीच कुणी चुकत नाही:
मे आय गो टू टॉयलेट?

हशा. साधनव्यक्तीसुद्धा हसल्या.
मी खरोखरच गेले.

नळाला पाणी नव्हतं. खिडकीशी उभी राहून
व्ही, व्ही, व्ही केलं,
तेव्हा खालचा वॉचमन वर बघायला लागला.
आणि मला विभूती घाडीगावकर आठवली.
धडा वाचायची पाळी तिच्या बाकापर्यंत आली
की ती बाहेर जायला मागते. पाचवीपासून.
मी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलंय,
"पाणी कमी पीत जा."

साडेचारला अर्ज वाटले.
हैदराबाद, तीस दिवस, निवासी, मुंबईतून सहा जागा.
वय पन्नासच्या आत. मला दहा महिने शिल्लक.
मुख्याध्यापकांची सही हवी,
आणि अर्जदाराकडे निवडणुकीचं काम नसावं.
इथे मात्र सगळा वर्ग मनापासून हसला.
पुरुषांनी अर्जाच्या घड्या घालून वारा घेतला.
मुकादमबाईंनी दोन मागून घेतले,
एक खराब होणारच म्हणाल्या.

शेवटचा रकाना:
हे प्रशिक्षण का हवं, पन्नास शब्दांत, इंग्रजीत.
बराच वेळ पेनाचं टोपण चावलं.
मग एक नाव लिहायला घेतलं, माझं नव्हे.
मोठ्या लिपीतला व्ही काढला
आणि दात आपोआप ओठावर आले.

कुणावर एवढ्या चिडलात, मुकादमबाईंनी विचारलं.
चिडले नाही हो, म्हटलं. लिहितेय.