बाराचा रिपोर्ट

शनिवारी रात्री, विजेच्या बिलाच्या पाठीवर
मी यादी करते.
पाणी : माणशी तीन लिटर. वर झरा आहे म्हणतात,
पण फेब्रुवारी संपताना
झऱ्याच्या शब्दावर कुणी डोंगर चढू नये.
दशम्या. लसणाची शेव. गूळ. चार संत्री.
टॉर्च, कारण चोरलच्या पलीकडे
ऊन आपल्या घड्याळाला विचारून उतरत नाही.

सरवट्यावरून पाच-वीसची बस, सिमरोलपर्यंत.
हेरंब म्हणतो, मावशी, माझी गाडी आहे की.
असू दे. उतरताना मांड्या लटपटतात,
ब्रेकवर तसले पाय नकोत मला.

आणि जायचं ते आत्ताच.
मार्चात मोह गळू लागतो,
फुलं वेचायला जमीन मोकळी हवी
म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात,
मग वाऱ्याला काय, निमित्तच हवं असतं.

बाबांनी कुंडीमाथ्याची चौकी कधी पाहिली नाही.
एकतीस उन्हाळे ते नवरतनबागेतल्या कचेरीत
वायरलेसच्या डब्यापुढे बसले,
आणि दर दोन तासांनी नानसिंगचा आवाज
कढईत शेंगदाणे परतावेत तसा तडतडत यायचा :
बाबूजी, धुआँ नहीं.
बाबा वहीत लिहायचे : धूर नाही.
कधी : आग्नेयेला, बारीक, पांढरा.
एकदा नुसतंच : नानसिंगला मुलगी झाली.
दिशेचा रकाना मोकळा कसा सोडायचा,
म्हणून तिथे : उत्तर.
त्याचं गाव त्या बाजूला होतं.

आमच्या घरी उन्हाळ्यात
ताटं कधी वाढायची ते त्या डोंगरावर ठरायचं.
आई म्हणायची, माझी एक सवत आहे,
चार लोखंडी पायांवर उभी.

रेंज ऑफिसातला पोरगा परवानगीवर शिक्का मारताना
हसलाच. मॅडम, आता आग सॅटेलाइटला दिसते,
वर बघणार काय तुम्ही?
शिडीची तिसरी पायरी गेलीय, म्हणाला.
मी तेवढंच टिपून घेतलं.
तिसरी पायरी.

बाबा चौऱ्याऐंशीचे. चष्मा कपाळावर ढकलून
यादी तपासतात, जणू मी त्यांची हाताखालची कारकून.
संत्री चाराची सहा होतात.
'एक वाजता जिथे असू तिथून परत', मी लिहिलेलं,
ते खोडून : बारा.
मी पुन्हा एक करते.
ते पुन्हा बारा, या वेळी लाल शाईनं.
अहो, पण चढच साडेचार तासांचा आहे!
ते म्हणतात, बाराचा रिपोर्ट आला नाही
की माणूस पाठवावा लागायचा. माणूस.
आणि बाहेर बघतात,
गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतंय तिकडे.

मग कळतं.
टेबलावर जुनी वही, सव्वीस वर्षं कोरी राहिलेलं पान,
पट्टीनं आखलेलं, थरथरत्या रेघा :
वेळ. दिशा. धूर. शेरा.
वरती उद्याची तारीख घालूनसुद्धा झालीय.

तिथे रेंज नसली तर, मी विचारते.
ते काही बोलत नाहीत.

दहा वाजता पिशवी भरताना हाताला लागतो
त्यांचा दाढीचा आरसा, टॉवेलात गुंडाळलेला.
दिवसा उन्हात चमकवायला, हे सांगावं लागत नाही.
इथून चाळीस किलोमीटर,
मध्ये भंवरकुव्याच्या आठ-आठ मजली इमारती,
आणि मोतीबिंदू काढलेला एक डोळा.
मी तो बाहेर काढते. वजन होतं.
हेरंबला फोन करते, तो अजून मित्राकडेच.
पाण्याच्या बाटल्या भरते, झाकणं घट्ट करते,
आरसा पुन्हा आत ठेवते,
दशम्यांच्या वर, काच खाली करून.

उद्या वारा पश्चिमेचा आहे.
बूट अजून पुसायचे राहिलेत.