गळपट्टी

अशोक चौकामागं, टॉवेलच्या गोदामावर पत्र्याची खोली.
खाली माग, वर आम्ही.
खटाखट्, खटाखट् – त्याच ठेक्यावर
यमूल सर मोजायचे: एक, दोन, ऊठ.

आधी मी टी-शर्टात खेळायचे, घामानं निसरडी.
निसटणं मला जन्मजात यायचं.
कुणी कितीही आवळलं तरी
मासोळीसारखी सुळकन बाहेर.
सर म्हणाले, "श्रीलता, निसटलीस. सुटली नाहीस.
गी घालून ये, मग बघू."

गी. एवढंसं अक्षर.
किंमत ऐकून नान्ना गप्प झाले.
मग चादरीच्या मागावर उरलेलं जाडं सूत चढवलं,
दोन रात्री, आणि तिसरी अर्धी, कारण वीज गेली.
शाळेचे गणवेश शिवणारा गड्डम कापड बघून हसला,
"हे काय, सतरंजीचा कोट?"
त्याच्या तीन सुया मोडल्या.
चौथीचे पैसे त्यानं लावले नाहीत.

पहिल्याच दिवशी तबस्सुम बागवाननं
माझीच गळपट्टी माझ्याच गळ्याभोवती फिरवली.
डोळ्यांपुढं काजवे, कानात नुसते माग.
मी झटका दिला, वळले, घसरायला बघितलं –
कापड सोडेना.
नान्नांनी विणलेलं, सोडेल कसं?

एप्रिलचं सोलापूर, वर पत्रा,
अंगावर दीड किलो सूत, घाम पिऊन अडीच.
घाई करायची सोयच नाही.
एक मनगट सोडवायला पाच श्वास,
गुडघा आत सरकवायला दहा.
तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.
मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला.

बोटं सुजली. भाकरी मोडवेना,
अम्मा कुस्करून द्यायची, वरून शेंगाचटणी, वरून शिव्या.
पण लहानपणी कांड्या भरलेली हीच बोटं –
सूत ताणावर आहे की सैल,
हे त्यांना माझ्याआधी कळायला लागलं.
तबस्सुम डावीकडं झुकणार,
हे तिच्या बाहीत अर्धा क्षण आधी येतं.
उघड्या अंगावर हे वाचता येत नाही.
कापडावर येतं.

आणि कमी ताकदीचं माणूसही
जाड्याजुड्याला धरून ठेवू शकतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
सांगितलं असतं तर शाळेतच ऐकलं असतं.

निवड चाचणीला नान्ना आले.
पहिल्या पाळीचा खाडा करून, मागच्या बाकावर.
नियम त्यांना ठाऊक नव्हते.
मी दोन जिंकले, तिसरा हरले,
ती लातूरची, माझ्याहून शांत.

बाहेर लूनापाशी त्यांनी विचारलं,
"काखेतली शिवण?"
"टिकली."
"बघू."

त्यांनी गळपट्टी धरली.
चार बोटं आत, अंगठा वर,
व्यापाऱ्यापुढं कापड दाखवताना धरतात तशी.
ती पकड बसवायला मला वर्ष लागलं होतं.
मी सवयीनं कोपर वळवलं, मान खाली घेतली,
हललेच नाही.

त्यांना पत्ताच नव्हता.
ते उन्हाकडं धरून वीण बघत होते.
"पुढच्या खेपेला दुहेरी सूत घालतो," म्हणाले,
आणि लूनाला किक मारायला
एक हात सोडला.