नारळ न घालता

फोंड्यात, कुर्टीच्या चौथ्या मजल्यावर
महिन्यातून एका रविवारी
आम्ही एकमेकांशी रांधून भांडतो.
विषय ज्याची पाळी त्याचा.
हरलेल्यानं भांडी घासायची.

आजवरचे विषय कपाटाच्या दाराला आतून
माझ्याच खडूनं लिहिलेले आहेत:
सगळं पांढरं.
पन्नास रुपयांत चौघांचं.
तापातून उठलेल्या माणसासाठी.
त्या खेपेला यामिनीची पेज जिंकली,
नुसती पेज, कडेला खारातल्या कैरीची एक चीर,
आणि शर्मद तीन दिवस कोणाशी बोलला नाही.

या महिन्यात पाळी माझी.
मी कळवलं, नारळ न घालता.
खोबरं नको, रस नको, तेलसुद्धा नको.
सुनेत्राचा लगेच फोन,
"मग घालायचं काय गो, तुझं डोकं?"
शर्मदनं विचारलं, तू घाटावरची कधीपासून झालीस.
कायताननं नुसता अंगठा पाठवला.

रविवारी दारातच मी पिशव्या उघडायला लावल्या,
मोलेच्या नाक्यावर लावतात तशा.
सुनेत्राकडे तिळाचं कूट.
शर्मदकडे बांगडे, व्हिनेगर,
आणि गावजेवणाला पुरतील इतक्या मिरच्या.
यामिनीकडे ओले काजूगर,
सोलून सोलून बोटं काळी झालेली.
कायतानकडे झाकण बांधलेलं पातेलं.
"घरूनच केलं. तुझ्या गॅसची मला सवय नाही."

परीक्षक तिसऱ्या मजल्यावरचे मिंगेल बाब,
तीस वर्षं बोटीवर कुक,
चव घेताना अजून पाय फाकवून उभे राहतात
जणू फरशी हलणार आहे.
कूट चाखलं, काजू चाखले,
बांगड्यांना ठसका लागला, पाणी प्यायले.
मग कायतानची कढी.
सुंगटं, भेंडी, दोन बिंबलं.
डाव तोंडापाशी नेला आणि तिथंच थांबले.
"मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

आम्हीही एकेक चमचा घेतला.
कोणी कोणाकडे बघेना.
चिंच लपते, गूळ लपतो,
नारळाचं तसं नाही.
तो सगळं गिळून झाल्यावर
जिभेच्या मागच्या ओसरीवर येऊन बसतो,
चप्पल काढून.

"काल रात्रभर वीज नव्हती आमच्याकडे,"
कायतान पातेल्याकडे बघत म्हणाला.
ऑक्टोबरात स्विंडनला जाताना
लुर्डिना वाटप करून गोठवून गेली होती,
चोवीस डबे, वर चिकटपट्ट्या:
बांगड्यांक. सुंगटांक. आयताराक.
"पुरवून पुरवून वापरले.
हा एकच उरला होता. सकाळी बघतो तर सुटलेला.
टाकवेना. परत गोठवलं तर नासतं म्हणे."
डब्याची पट्टी त्याच्या खिशात होती.
निळ्या शाईत, पावण्यांक.
"पाव्हणे कुठं येतात माझ्याकडे," म्हणाला.

मिंगेल बाबनी निकाल दिला: बाद.
नियम म्हणजे नियम.
बोटीवर असता तर दोन दिवस कांदे सोलायला लावले असते.
मग स्वतःच भाताचं भांडं ओढलं
आणि कढीत डाव बुडवला तो तळाला लागेपर्यंत.
यामिनीनं पातेलं पावानं पुसलं.
सुनेत्रा म्हणाली, माझ्या तिळाला कोणी हातच लावला नाही,
आणि पुन्हा वाढून घेतलं, कढीच.

कायतान तासभर भांडी घासत होता.
स्वतःचं पातेलं मात्र न घासता परत नेलं,
पिशवीत घालून, मांडीवर धरून,
शर्मदच्या स्कूटरवर मागं बसून.

जिंकला शर्मद.
त्याचे बांगडे मी आज बुधवारीही खाते आहे,
दह्यात बुडवून.

पुढची पाळी कायतानची. विषय अजून कळवलेला नाही.
काल रात्री सव्वाअकराला विचारत होता,
वाटताना धणे आधी भिजवायचे की कोरडेच,
आणि मिक्सर मध्येच गरम होतो
तेव्हा थांबायचं किती.